वासाचं पेटंट, वजनाचा कायदा

४ ऑगस्ट २०१५ ला अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं ९०९५५५४ क्रमांकाचं पेटंट मंजूर केलं. मालक बायोटेक इन्स्टिट्यूट नावाची कंपनी, विषय गांजाचं संकरित झाड. पेटंटच्या दाव्याचा गाभा साधारण असा: झाडाची जनुकीय घडण अमुक प्रकारची असावी, फुलात सीबीडी तीन टक्क्यांच्या वर असावं, टर्पीनयुक्त तेल एक टक्क्याच्या वर असावं, आणि त्या तेलात मर्सीन हे मुख्य टर्पीन नसावं.

शेवटची अट पुन्हा वाचा. मर्सीन म्हणजे कच्च्या आंब्याच्या चिकासारखा, जरा मातकट, ओलसर वास देणारं रसायन. बाजारातल्या बहुतेक गांजात तेच वरचढ असतं. कंपनी म्हणते, ज्याचा वास तसा नाही, पण लिंबासारखा, मिऱ्यासारखा किंवा देवदारासारखा आहे, आणि बाकीच्या अटीही ज्यात बसतात, ते झाड आमचं. थोडक्यात, वासाच्या एका अख्ख्या इलाख्याला कुंपण घातलं गेलं.

आता इकडे या. मी खुटबावचा. दौंड तालुका, पुणे-सोलापूर रेल्वेलाइन, एका बाजूला यवत, दुसऱ्या बाजूला केडगाव, चहूकडे ऊस. पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यात 'उसात गांजा सापडला' ही बातमी अधूनमधून येतच असते. तिचा साचा ठरलेला आहे. इतकी झाडं, इतकं वजन, इतक्या लाखांचा मुद्देमाल, इतके आरोपी. फोटोत हिरव्या झाडांचा ढीग आणि मागं उभे असलेले पोलीस. झाड कुठल्या जातीचं, बी कुठून आलं, फुलाला वास कसला होता, हे कुणी विचारत नाही, कारण कायद्यात त्याला रकानाच नाही.

तिकडे वासाचं पेटंट आणि इकडे वजनाचा पंचनामा, हे अंतर निव्वळ कायद्याचं नाही. ते शेतीचं, बियाण्याचं आणि ज्ञानाचं आहे, आणि ते आपल्याला महागात पडणार आहे. हा लेख त्याबद्दल आहे. गांजा ओढावा की ओढू नये याबद्दल नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे खाली त्यावरून भांडणं नकोत.

वास म्हणजे नक्की काय

गांजाच्या मादी फुलावर बारीक, चिकट, टोपीवाले केस असतात. त्यांना ट्रायकोम म्हणतात. नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी यांची मूळ रूपं याच केसांच्या टोकाला तयार होतात, आणि वास देणारी टर्पीनंही तिथंच. गंमत अशी की हलकी टर्पीनं आणि कॅनाबिनॉइड्स या दोघांचा एक कच्चा माल सामाईक आहे: दहा कार्बनचा, जेरानिल पायरोफॉस्फेट नावाचा रेणू. आमच्याकडच्या माणसाला हे पटकन कळेल. रस एकच, पण कारखान्यात गेला तर साखर, गुऱ्हाळात गेला तर गूळ. कुठल्या वाटेला किती जायचं हे ठरवतात ती विकरं, आणि विकरं ठरवतात ती जनुकं. गांजाच्या जनुकसंचात टर्पीन बनवणाऱ्या विकरांची तीसहून अधिक जनुकं सापडली आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ पासून त्यांचा नीट माग काढला आहे.

ही टर्पीनं परग्रहावरची नाहीत. लिमोनीन संत्र्याच्या सालीत असतं. लिनलूल धन्यात असतं. बीटा-कॅरिओफायलीन मिऱ्यात आणि लवंगेत असतं. पायनीन देवदार-चिडाच्या डिंकात. ओसिमीन हापूसमध्ये. आपल्या आईच्या मसाल्याच्या डब्यात निम्मी अर्धी यादी बसलेली आहे. गांजाचा ब्रीडर करतो ते एवढंच: हजार रोपं लावायची, प्रत्येकाच्या फुलाचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफवर चालवायचा, हव्या त्या टर्पीनांचं हवं ते प्रमाण असलेली रोपं निवडायची, त्यांचा संकर करायचा, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवायचं. तेल एकूण किती सुटेल हे ऊन, पाणी, वाळवण यावर बरंच अवलंबून असतं. पण कुठलं टर्पीन वरचढ राहील, हे बऱ्याच अंशी वाणाच्या रक्तातच असतं. म्हणून वास हा वाण ओळखायचा चांगला पुरावा आहे.

२०२१ मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये डलहौसी विद्यापीठाच्या गटाचं एक संशोधन आलं. बाजारात 'इंडिका' आणि 'सटायवा' म्हणून विकली जाणारी झाडं जनुकीयदृष्ट्या वेगळी गटं आहेत का, हे त्यांनी तपासलं. उत्तर: नाहीत. लेबलांचा थोडाफार मेळ लागला तो मर्सीनसारख्या मोजक्या टर्पीनांशी आणि ती बनवणाऱ्या जनुकांच्या जागांशी. म्हणजे लोक जातीचं नाव म्हणून जे लिहीत होते, ते बऱ्यापैकी वासाचं नाव होतं. शास्त्राआधी नाकानं वर्गीकरण केलं होतं.

गुळव्याचं नाक आणि कारखान्याचा आकडा

दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची कमी नाही. काहिलीत रस उकळताना गुळव्या मळी काढतो, बुडबुड्यांचा आकार बघतो, आणि वासावरून सांगतो की आता काहील उतरवा. कारखान्याला यातलं काही लागत नाही. त्याला एक आकडा लागतो: रिकव्हरी, म्हणजे शंभर किलो उसातून साखर किती. उसाची निवड मुख्यतः टनेज आणि साखर या दोन गोष्टींवर झाली. ८६०३२ असो की २६५, शेतकरी वाण नंबरानंच ओळखतो. याला माझा आक्षेप नाही. साखरेचा धंदा तसाच चालतो. पण एका आकड्यासाठी पीक घडवायला लागलं की बाकी सगळं गळून पडतं, हे आपल्या तालुक्यातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही.

गांजाच्या बाबतीत जगभर हेच झालं. बंदी आली की माल लपवून न्यावा लागतो. लपवायचा तर कमी वजनात जास्त नशा हवी. म्हणून गेल्या पन्नास वर्षांत चोरट्या ब्रीडरांनी एकच रिकव्हरी वाढवत नेली, टीएचसीची. जुन्या देशी झाडांत सीबीडी आणि टीएचसी यांचं जे काही मिश्रण असायचं, ते मोडलं. तीव्र टीएचसीच्या मालाचा तरुणांच्या मनोविकारांशी संबंध दिसतो, ही भीती खरी आहे आणि मला मान्य आहे. पण ती बंदीच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडली जाते तेव्हा हसू येतं. तो तीव्र माल बंदीच्याच बाजारात घडला आहे. नंतर जिथं जिथं कायदेशीर दुकानं उघडली, तिथं त्यांनी तीच सवय पुढं चालवली, कारण लेबलवर एकच मोठा आकडा छापायची सोय होती.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला व्हेक्टरचा स्केलर करणं म्हणतो, तेच हे. दीडशेच्या आसपास टर्पीनं, शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड्स, एवढ्या परिमाणांची गोष्ट दाबून एका अंकात कोंबली. दुकानदारानं टीएचसीचा टक्का ठेवला, आपल्या कायद्यानं किलो ठेवले.

आपला कायदा काय बघतो

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे असं म्हणतो. शेंड्यांबरोबर नसतील तर बी आणि पानं त्या व्याख्येत येत नाहीत. पण बी पेरलं की परवान्याशिवायची लागवड हा गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बी कायद्याच्या बाहेर, पेरणं कायद्याच्या आत. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोंच्या वर व्यापारी प्रमाण, आणि व्यापारी प्रमाण ठरलं की जामीन जवळपास विसरायचा. त्यामुळे खोड, पानं, मुळं मोजायची की नुसते शेंडे, यावर कोर्टात वाद झडतात. माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं ओल्या देठांच्या वजनावर लटकतात.

याच कायद्यात दुसरी बाजूही आहे, जी कुणी वाचत नाही. कलम १० राज्य सरकारला लागवडीचे परवाने आणि नियम करायचा अधिकार देतं. कलम १४ म्हणतं की धागा, बियाणं किंवा बागायती उपयोगासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडनं २०१८ मध्ये याचा वापर केला आणि टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असेल अशा हेंपला परवाने दिले. हिमाचल सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली. महाराष्ट्र कुठं आहे? महाराष्ट्र उसातली झाडं मोजतोय.

आणि त्या ०.३ टक्क्यालाही सोन्याचा मुलामा देऊ नका. तो आकडा १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल या कॅनेडियन वनस्पतिशास्त्रज्ञानं वर्गीकरणाच्या सोयीसाठी घातलेली रेघ आहे, आणि ती सोयीची रेघ आहे हे त्यानं स्वतःच नमूद केलं होतं. जगभरच्या सरकारांनी ती उचलून फौजदारी कायद्यात चिकटवली.

बरं, ०.३ च्या आतलं परदेशी हेंप बियाणं आणून इथं पेरू म्हणाल, तर भूगोल आडवा येतो. गांजा-हेंप हे दिवसाच्या लांबीवर फुलणारं झाड. युरोप-कॅनडाची वाणं पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांवर पोसलेली. खुटबाव साडेअठरा अक्षांशावर आहे, इथं वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. ती वाणं इथं हातभर होण्याआधीच फुलायला लागतील. ना धागा, ना बी. या अक्षांशावर वाढायला या अक्षांशाचंच रक्त लागतं. आणि ते रक्त आपल्याकडे होतं.

नगर जिल्ह्याची आठवण

१८९३ मध्ये ब्रिटिश सरकारनं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. १,१९३ साक्षीदार तपासून १८९४ मध्ये त्यांनी अहवाल दिला आणि सरसकट बंदी नको अशी शिफारस केली. त्या काळात मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जायचा तो नगर जिल्हा. आमच्या दौंडची भीमा ओलांडली की पलीकडे श्रीगोंदा, म्हणजे नगरच. हे कुठल्या तरी हिमालयातलं प्रकरण नाही, नदीपलीकडचं आहे.

हे पीक म्हणजे बी फेकलं आणि आलं, असं नव्हतं. चांगला गांजा हवा तर नर झाडं वेळेवर ओळखून उपटावी लागतात, नाहीतर मादी फुलात बी धरतं आणि राळ कमी पडते. बंगालात नर ओळखणारे खास जाणकार असायचे, त्यांना पोद्दार म्हणत. परदेशात आज 'बिनबियांचा' म्हणून जे तंत्र भारी किमतीला विकलं जातं, ते आपल्या शेतकऱ्याला तेव्हा रोजच्या मशागतीचा भाग म्हणून माहीत होतं. आणि जिथं निवड होते, तिथं वासाचीही निवड होते. शेतकरी कुठल्या झाडाचं बी राखून ठेवतो? ज्याचा माल खपतो त्याचं. गिऱ्हाईक माल कसा पारखतं? चुरडून, हुंगून.

त्या वाणांचं काय झालं? त्यांची कुठली नोंद, कुठला संग्रह, कुठलं रासायनिक चित्र आपल्यासमोर नाही. आज उसात सापडतं ते झाड त्यांचं वंशज आहे, की ओडिशा-आंध्रकडून आलेल्या मालातलं बी आहे, की परदेशी संकर आहे, हे सांगणारा आधार आपल्याकडे नाही. त्यात हे वाऱ्यानं परागीभवन होणारं झाड. पराग मैलोन् मैल जातो. कुरिअरनं मागवलेल्या संकरित बियांची चार झाडं परिसरातल्या देशी झाडांची पुढची पिढी बदलून टाकू शकतात. जे मोजलेलं नाही ते हरवलं तर हरवल्याचंही कळत नाही.

टर्पीनच्या भक्तांनाही दोन शब्द

इथवर वाचून काही मित्र खूष झाले असतील. रील्सवर 'मर्सीन म्हणजे झोप, लिमोनीन म्हणजे मूड, पायनीन म्हणजे फोकस' असे तक्ते फिरवणारे. त्यांनी जरा थांबावं.

'आंतुराज' परिणाम, म्हणजे टर्पीनं आणि कॅनाबिनॉइड्स मिळून वेगळी नशा घडवतात, ही कल्पना आकर्षक आहे. हा शब्द १९९८ मध्ये इस्रायली संशोधकांच्या निबंधात आला तो शरीरातल्याच स्निग्ध रेणूंबद्दल. गांजातल्या टर्पीनांना तो पुढं लावला गेला. पुरावे मिश्र आहेत. मिऱ्यातलं कॅरिओफायलीन सीबी-२ रिसेप्टरला चिकटतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगात लिमोनीन दिल्यावर टीएचसीमुळे येणारी घालमेल कमी झाली, पण तो वीस माणसांचा प्रयोग होता. उलट २०१९ मध्ये पेशींवर केलेल्या तपासणीत नेहमीची टर्पीनं टीएचसीच्या रिसेप्टरवरच्या कामात ढवळाढवळ करताना दिसली नाहीत. यावरून 'फोकस'ची बाटली विकणं म्हणजे ज्योतिषाला लॅबकोट घालणं.

इतकंच काय, गांजाचा जो उग्र, नाक मुरडायला लावणारा वास, तो टर्पीनांचा नाहीच मुळी. २०२१ मध्ये कळलं की तो अतिशय कमी प्रमाणातल्या गंधकयुक्त रसायनांचा आहे. रसायनशास्त्रानं लसणाचे दूरचे भाऊबंद. टर्पीनचा तक्ता छापून वास समजला असं म्हणणं, म्हणजे तिखट-मीठ मोजून मिसळ समजली म्हणण्यासारखं.

मग वासामागं का लागायचं? कारण वास औषध आहे म्हणून नाही. वास ही वाणाची ओळख आहे म्हणून, आणि ज्याची ओळख लिहिलेली नाही त्याची मालकी दुसरा लिहितो म्हणून.

हे आपल्याला जमतं

कुणी म्हणेल, वासासाठी पीक घडवणं हे आपल्या सरकारी संस्थांचं काम नाही. अहो, त्यांनीच ते केलंय. आंबेमोहर उंच वाढणारा, लोळणारा, कमी पिकणारा, पण वास असा की शेजारच्या घरात कळावं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर करून १९८७ मध्ये इंद्रायणी दिला. वास पूर्ण तोच नाही, हे जुनी माणसं सांगतातच, पण उत्पन्नही हवं आणि वासही हवा, असं ठरवून काम झालं, आणि आज पुण्याच्या घराघरात तो तांदूळ शिजतो. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं हापूसच्या वासाची टर्पीनं एकेक करून मोजली, त्यात ओसिमीन किती वरचढ आहे हे दाखवलं. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. नाक, यंत्र आणि कायदा, तिन्ही आपल्याकडे आहेत. एका झाडापाशी आलं की तिन्ही तोंड फिरवतात.

न मोजण्याची किंमत काय असते, हेही आपल्याला माहीत आहे. जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. कशाच्या जोरावर? लिखित पुराव्याच्या. जुने ग्रंथ, छापील निबंध पुढं ठेवता आले. बासमतीच्या पेटंटचे बरेच दावे २००१ पर्यंत मागं घ्यावे लागले, तिथंही नोंदी कामी आल्या. उद्या नगरी वाणाच्या वासासारखा वास कुणी परदेशात आपल्या नावावर केला, तर आपण पुढं काय ठेवणार? पंचनामा? त्यात लिहिलेलं असेल: 'उग्र वासाची हिरवी झाडं, अंदाजे वजन.'

भारतात झाडांवर पेटंट मिळत नाही, हे खरं. पण इथं परवान्याचं दार उघडेल तेव्हा बियाणं कुणाकडे तयार असेल? ज्यांनी आजवर नमुने तपासले, रेकॉर्ड ठेवलं, त्यांच्याकडे. आपला शेतकरी तेव्हा पुन्हा पाकिटातलं बी विकत घेईल, ज्याचे आजे-पणजे कदाचित भीमेपलीकडेच उगवत होते.

मागणी साधी आहे

पहिली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाला या झाडाचा संशोधन परवाना द्या. जुन्या लागवडीचा जिल्हा तोच, विद्यापीठ तिथंच, यापेक्षा सोयीचं काय असणार? कुंपण घाला, कॅमेरे लावा, पोलीस चौकी बसवा, पण दोन एकर द्या. या अक्षांशाला चालेल असं, टीएचसी कमी असलेलं, धाग्या-बियाचं वाण आधी काढा. ते करताना वासाची नोंद ठेवा.

दुसरी, आणि हिला कायदाही बदलावा लागत नाही. जप्त झाडं नष्ट करायच्या आधी नमुना तसाही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. तिथं उत्तर एकच लागतं: गांजा आहे की नाही. कोर्टाच्या मंजुरीनं त्यातलाच उरलेला अंश आणि जमल्यास बी, स्थळाच्या नोंदीसह, पण आरोपीच्या नावाशिवाय, विद्यापीठाला द्या. हलकी टर्पीनं तोवर उडून गेलेली असतील, मान्य. पण जड टर्पीनं आणि कॅनाबिनॉइड्स उरतात, डीएनए उरतो. पाच-दहा वर्षांत जिल्ह्याजिल्ह्याचा नकाशा तयार होईल. आज आपण दरवर्षी एक ग्रंथालय जाळतो आणि राखेचं वजन करून बातमी देतो.

तिसरी. लागवडीचा गुन्हा ठरवताना एक झाड लावणारा म्हातारा आणि एकरभर लावणारा दलाल यांत कायद्यानं ठळक फरक करावा. हा वासाचा प्रश्न नाही, पण शेतकऱ्याच्या डोक्यावर दहा वर्षांची टांगती तलवार ठेवून त्याच्याकडून देशी बी कुणी काढून घेऊ शकत नाही. ज्याच्याकडे ते असेल, तो ते भीतीनं चुलीत घालेल.

यावर 'नशेला प्रतिष्ठा देताय' असा आरोप येणार. आपण ज्या तालुक्यात राहतो तिथल्या उसाच्या मळीपासून देशी दारू बनते, तिचा महसूल तिजोरीत जातो, आणि त्याच उसाचे कारखाने सहकाराचं मंदिर म्हणून मिरवले जातात. तेव्हा प्रतिष्ठेचा मुद्दा जरा बाजूला ठेवू. मुद्दा एवढाच आहे की एका झाडाबद्दल जगात शास्त्र पुढं चाललंय, मालकी हक्क वाटले जातायत, आणि ज्या मातीत ते झाड शतकानुशतकं घडलं, तिथल्या सरकारकडे त्याबद्दलची एकमेव माहिती किलोमध्ये आहे. परवान्याची फाइल राहुरीला पाठवायला मंत्रालयाला एक सही लागते. ती सही का होत नाही, हे आपल्या आमदाराला विचारा. मी विचारणार आहे.